कोंबड्याची पाटी

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. आमटी-भात फलाट क्रमांक एकला लागलेला हाय. ज्या पावण्यांनी हात धुतलं न्हाईत त्यांनी आपली जागा सोडू ने."

आमच्या निवाऱ्यात रोज संध्याकाळी ही घोषणा व्हायची. कर्णा नव्हता, माईक नव्हता. घोषणा करणारा माणूस दारात उभा राहायचा, एक हात कानावर ठेवायचा आणि समोर दहा-बाराच माणसं बसलेली असली तरी रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. त्यांची सारी हयात एस.टी.त गेली होती, शेवटची बरीच वर्षं कोल्हापूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. नोकरी संपली, आवाज शिल्लक राहिला. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत, मीही तेच म्हणणार आहे. नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

लिहायला बसलो त्याचं कारण परवा घरी आलेली एक मुलगी. कोल्हापुरातल्या आम्हा काही ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून, ज्यांना घर नाही अशा माणसांसाठी हा निवारा काढला. ही मुलगी त्या संस्थेची नवी सेक्रेटरी. पाटी, बोधचिन्ह, टेम्पो, पांघरुणं, सगळ्याचं रूप आता पुन्हा नवं करायचं चाललं आहे. आत्ताचं बोधचिन्ह मी काढलेलं, म्हणून त्यामागची गोष्ट एका पानात लिहून द्या, असं ती म्हणाली.

"तुमची ती पाठमोरी आजी आम्ही ठेवणारच आहोत, सर. लोकांना ती फार भिडते." मग उठता उठता तिनं विचारलं, "ते जुने मॅनेजर, ज्यांनी कुणा बाईचं चित्र न विचारता लावू दिलं आणि मग ज्यांना काढावं लागलं, ते तुमच्याच वेळचे ना?"

मी "हो" म्हणालो. ती चप्पल घालून निघून गेली. तो "हो" अर्धाच खरा होता. म्हणून हे लिहितोय. एका पानात मावणार नाही.

कंट्रोलर उंचीला बेताचे, पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या आणि कायम थोड्या तुपकट. अंगात एस.टी.ची खाकी पँट आणि वर रविवारचा पांढरा सदरा, मग वार कुठलाही असो. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. निवाऱ्याचे मॅनेजर म्हणून ते फाटकाशेजारच्या खोलीत राहायचे आणि त्या खोलीला "कंट्रोल केबिन" म्हणायचे. खोलीच्या दाराला एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी टांगलेली असे. कुणी नवा माणूस फाटकात आला की ते चमच्यानं थाळीवर एक टोला द्यायचे. गाडी थांबवायची घंटी. कुणी निवारा सोडून निघाला, काम मिळालं म्हणून, घरच्यांनी नेलं म्हणून, की दोन टोले. गाडी सुटली. टण टण वाजल्याशिवाय कुणी जायचं नाही, असा त्यांचा हट्ट. एकदा एकजण घाईघाईनं निघून गेला तर हे चमचा-थाळी घेऊन त्याच्या मागं चौकापर्यंत पळाले, भर रस्त्यात दोन टोले दिले आणि दम खात परत आले.

आत खाटा होत्या, पण खाटांना नंबर नव्हते. "माणूस नंबरावर झोपला की तुरुंगात झोपल्यागत वाटतंय," असं ते म्हणायचे. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी त्यांनी खडूनं एकेक गाव लिहिलेलं होतं. हातकणंगले, पन्हाळा, पेठ वडगाव, गारगोटी. त्यामुळं निवाऱ्यात अशी बोलणी ऐकू यायची:

"आरं, गारगोटीला ताप हाय काय रं?"

"न्हाय, गारगोटी बरी हाय. वडगाव खोकतंय रातभर."

"वडगावला काढा द्या. आणि हातकणंगल्याला सांगा, बिडी भाईर जाऊन वढ म्हणावं."

आलेल्या माणसाला ते नाव विचारायचे नाहीत. गाव नाही, जात नाही, देव कुठला तेही नाही. प्रत्येकजण "पावणं". पहिल्या दिवशी जेवण आणि झोप. दुसऱ्या दिवशी अंघोळ आणि दाढी. तिसऱ्या संध्याकाळी ते त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, नुसतेच. सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगायचा. नाही सांगितलं तर हे उठून जायचे. आमच्या अध्यक्षबाई, शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या, त्यांच्याशी यावरून दर महिन्याला भांडायच्या.

"अहो कंट्रोलर, रजिस्टरला नावं लागतात. उद्या कुणी चोर निघाला तर?"

"बाई, तिसऱ्या सांजंला सांगतोय की मानूस."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"मग खाटंचं नाव लिवा की. गाव तर हाय."

जुने कपडे दान द्यायला येणाऱ्यांचं त्यांच्यापुढं काही चालायचं नाही. ते प्रत्येक सदरा उलगडून बघायचे, खांद्याला लावून बघायचे, आणि बटण तुटलेलं असेल तर परत द्यायचे. गाडीतून उतरलेल्या एका मोठ्या व्यापाऱ्याला त्यांनी, "बटन लावून आणा. पावणं हाय, बुजगावणं न्हाय," म्हणून पिशवीसकट परत पाठवलं होतं. व्यापारी पुन्हा यायचा नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तो आठवड्यानं आला, बटणं लावून.

आता पाटीचं. निवाऱ्याच्या दारावर एक पिवळी पत्र्याची पाटी होती. वर लहानसा क्रूस आणि खाली केवढा तरी मोठा लालभडक कोंबडा, मान ताणून आरवणारा. कोंबडा कंट्रोलरांनी हट्टानं काढून घेतला होता. रंगवणाऱ्याचा हात कच्चा होता. तुरा मिरचीसारखा आणि पाय बगळ्याचे. आता कोल्हापुरात दारावर कोंबडा दिसला की माणूस काय समजणार? महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणी परगावचं पावणं फटफटी लावून आत यायचं.

"काय ओ, थाळी केवढ्याला?"

"फुकट हाय. बसा."

"तांबडा-पांढरा रस्सा हाय न्हवं?"

"पांढरा हाय. भात. बसा म्हणतोय की."

आणि त्याला बसवून, आमटी-भात वाढून, वर लोणचं घालून मगच सोडायचे. एकदा जोतिबाहून परतणारी पाच-सहा माणसं अशी जेवून गेली आणि पुढच्या सुगीत त्यांनी गावाकडून तांदळाचं पोतं पाठवलं. तरीही आम्हाला त्या पाटीची लाज वाटायची. नाताळला बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना मागच्या दारानं आत न्यायचो.

कोंबडा कशाला, असं विचारलं की ते प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. पोरांना सांगायचे, सकाळी उठवायला. बाईंना सांगायचे, स्वस्तात रंगवून मिळाला. मला मात्र एकदा खरं सांगितलं. गुड फ्रायडेच्या आठवड्यातली गोष्ट, चर्चमधली उपासना संपवून आम्ही दोघं चालत येत होतो. पाळकसाहेबांनी येशूचा शिष्य पेत्र याच्याबद्दल सांगितलं होतं. प्रभूला धरून नेलं तेव्हा अंगणातल्या शेकोटीपाशी लोकांनी पेत्राला विचारलं, तू त्याच्यातलाच ना? आणि पेत्र नाही म्हणाला, पुन्हा पुन्हा नाही म्हणाला, आणि प्रभूनं आधीच सांगितलं होतं तसा कोंबडा आरवला.

"मग त्यो भाईर जाऊन रडला," कंट्रोलर म्हणाले. "पाळकसाहेब तितंच थांबले. मी म्हणतो, भाईर म्हणजे कुठं? रातचं गार वारं सुटलेलं, वळखीचं सगळं लांब. रडून झाल्यावर मानसाला पडाय जागा लागत्या का न्हाय, आर्टिस्ट?"

मला ते आर्टिस्ट म्हणत. मी जाहिरातींची चित्रं काढून पोट भरलेला माणूस, पण चेहरेपट्टी आणि शरीर काढण्यात माझा हातखंडा होता आणि तो मला माहीत होता.

"ज्याला टाकून दिलंय त्याला कोण ना कोण जागा देतंय," ते पुढं म्हणाले. "ज्यानं टाकलंय त्यानं कुठं जायाचं? त्यो बी येऊ दे की. म्हणून कोंबडा."

मी हसलो होतो. माझ्या मते ते अडाणी तत्त्वज्ञान होतं.

मग एका कंपनीच्या धर्मादाय निधीकडून मदतीचं ठरलं. त्यांच्या माणसांनी निवारा बघितला, जेवणही केलं, आणि जाताना पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, "संस्थेला एक चेहरा पाहिजे." संस्थेच्या मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा निवृत्त होऊन बसलेलो. संगणकावर चित्रं करणारी पोरं आल्यापासून मला कुणी काम देत नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. इतका मला आनंद झाला.

आधी मी जुळलेले हात काढले, दिवा काढला, छपराचा क्रूस काढला. बाईंनी चष्मा वर केला. "हे सगळं बँकेच्या कॅलेंडरवर असतं हो." त्यांचं बरोबर होतं. मग मी वही घेऊन निवाऱ्यात जाऊन बसायला लागलो.

कंट्रोलरांचा फोटोबद्दलचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. कॉलेजच्या एका मुलानं मोबाईल वर केला तर त्यांनी तो काढून घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि मुलाला जेवल्याशिवाय परत दिला नव्हता. म्हणून मी आधी विचारलं.

"फोटो नाही, कंट्रोलर. रेखाटन. नुसत्या रेघा."

"भिंत काढा. भांडं काढा. कोंबडा तर हायच. पावणं काढायचं न्हाय."

"चेहरा घेत नाही. पाठमोरं काढतो."

"पाठ बी पावण्याचीच हाय न्हवं?"

इतकं स्पष्ट. यात दुसरा अर्थ निघत नव्हता.

पन्हाळ्याच्या खाटेवर तेव्हा एक म्हातारी होती. तिला सगळे पन्हाळ्याच्या आजी म्हणत. ती पन्हाळ्याची नव्हती. कुठली होती ते तिनं सांगितलेलं नव्हतं. "मला कोण न्हाय" एवढंच तिसऱ्या संध्याकाळी बोलली होती आणि कंट्रोलर उठून गेले होते. ती भाकऱ्या फार सुरेख थापायची. काम झालं की खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसायची, एक गुडघा उभा, त्यावर हात, आणि दुसरा हात मानेवर. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता. जन्मभर त्या खांद्यावर काहीतरी जड वाहिलेलं होतं. पदर कानामागं खोचायची तिची एक ढब होती.

तशी पाठ मी आयुष्यात पाहिली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ती काढली. तीन संध्याकाळी जाऊन काढली. शेवटी सगळं गाळून एका काळ्या आकारात आणली: ना डोळे, ना नाक, ना लुगड्याची किनार. फक्त ती पाठ, वर छपराची एक रेघ. बाईंच्या टेबलावर कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला.

"कंट्रोलरांना दाखवलंत?"

"हो."

"आणि त्या आजींना? त्यांची संमती?"

"विचारलंय. कंट्रोलरांनीच विचारलं त्यांना."

हे वाक्य मी बोललो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी "ओळखू येणार नाही" असं काहीतरी म्हणालो होतो. नाही. मी हेच म्हणालो.

पुढं सगळं भराभर झालं. नवी पाटी, पांढऱ्यावर निळी. पांघरुणांच्या कोपऱ्यावर ती पाठ, चहाच्या कपांवर ती पाठ, आणि टेम्पोच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीची ती पाठ. उद्घाटनाला पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजी भाकऱ्या थापत होती, तिनं बाहेर येऊन पाहिलंसुद्धा नाही.

कंट्रोलरांना मी टेम्पोवरचा कपडा ओढेपर्यंत काही दाखवलं नव्हतं. ते टेम्पोपुढं उभे राहिले. मग त्यांनी पत्र्यावरच्या त्या खाली उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला.

"हात चांगला हाय तुमचा, आर्टिस्ट."

मी ओढलेल्या कपड्याची घडी घालायला लागलो.

"लईच चांगला हाय. तिला इचारलंतं?"

"कुणाला ओळखू येणार आहे, कंट्रोलर? नुसती सावली आहे ती."

"मी वळखलं की," ते म्हणाले.

आजीला त्यांनी त्याच संध्याकाळी दाखवलं असं नंतर कळलं. ती म्हणाली, "माझी पाट मला कुठं ठावं?" आणि आत गेली. ते बाईंकडंही गेले होते. बाई म्हणाल्या, "आता छापून झालंय हो सगळं, आणि तुमच्या होकारानंच झालंय की." मी खोटं बोललो हे त्यांनी बाईंना तेव्हाही सांगितलं नाही. माझ्याकडं येऊन भांडलेही नाहीत. त्यांनी फक्त रंगाचा डबा आणला, टेम्पोवरचा खांदा बुजवायला. मी तो डबा काढून घेतला. नव्या कामाची नासधूस कशाला, म्हणून.

सुगी झाली की आमचा टेम्पो गावोगाव धान्य गोळा करायला जायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच नव्या रूपात गेला. पेठ वडगावच्या बाजारात दुपारभर उभा होता. दुसऱ्या दिवशी निवाऱ्याच्या फाटकात एक फटफटी थांबली. मागं दुधाचे कॅन. चाळिशीचा शेतकरी, हातात हेल्मेट. थाळीवर एक टोला पडला.

"या पावणं. बसा."

"बसाय आलो न्हाय. टेम्पोवर हाय ती माझी आई हाय."

मी तिथंच होतो. मी पुढं होऊन म्हणालो, "अहो, ते नुसतं चिन्ह आहे. कुणा एकाचं नाही ते."

तो माझ्याकडं वळला. "त्या पाठीवर बसून मी वाढलोय. वैरणीचा भारा त्याच खांद्यावरनं यायचा. तुम्ही मला सांगताय?" मग एकदम त्याचा आवाज फुटला. "गावात सांगितलंय मी, भनीकडं हाय म्हणून. दोन वर्सं सांगतोय. काल बाजारात एकजण म्हणतोय, तुजी आई टेम्पोवर बसल्या रं, भिकाऱ्यांच्या. समद्यांच्या म्होरं."

आत आजी खाटेवर बसलेली होती, तशीच. ती वळली नाही. त्यानं दोनदा "आई" म्हणून हाक मारली. ती भिंतीला म्हणाली, "मी कोणाची आई न्हाय, बाबा."

तो दारातच खाली बसला. त्या घरात काय झालं होतं ते मला माहीत नाही. तो वाईट माणूस वाटला नाही. कंट्रोलरांनी त्याला आमटी-भात वाढला आणि तो रडत रडत जेवला. जाताना म्हणाला, "उद्या मामाला घिऊन जीप घिऊन येतो. कपडे भरून ठेवा तिचं."

सकाळी पन्हाळ्याची खाट रिकामी होती. पांघरुणाची घडी घातलेली, चित्र आत येईल अशी.

दोन टोले वाजले नव्हते.

त्यानंतर कितीतरी दिवस कंट्रोलर तिला शोधत हिंडले. मुलगाही हिंडला. त्यानं आईचं नाव सांगितलं होतं. पण कंट्रोलर ते नाव घ्यायचे नाहीत. "ते तिनं मला सांगितलेलं न्हाय." स्टँडवरच्या आताच्या कंट्रोलरला त्यांनीच कधीकाळी काम शिकवलं होतं. त्याच्याकडून त्यांनी माईक मागून घेतला. मी त्या दिवशी त्यांच्यासोबत होतो. साऱ्या स्टँडभर तो आवाज घुमला: "लक्ष द्या. पन्हाळ्याच्या आजी. पन्हाळ्याच्या आजी. जेवण लागलेलं हाय. आपली खाट राखीव हाय." पन्हाळ्याला जाणारी माणसं पिशव्या उचलून उभी राहिली, फलाटाकडं बघायला लागली, एकमेकांना विचारायला लागली. ते पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले. कोणी आलं नाही.

ती मिळाली नाही. अजूनही नाही. ज्या घरानं तिला आसरा द्यायचा, त्या घराच्या पाटीनं तिला रस्त्यावर घातलं.

मुलानं मंडळाकडं तक्रार केली आणि बैठक बसली. टेबलावर नव्या कपांतून चहा आला. बाईंचा चेहरा उतरलेला होता, पण विचारायचं ते त्यांनी सरळ विचारलं.

"कंट्रोलर, या चित्राला तुमची परवानगी होती आणि त्या बाईंनाही तुम्हीच विचारलं होतं, असं मला सांगण्यात आलं होतं. खरं काय?"

कंट्रोलरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत आरोप नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी पावण्याच्या शेजारी बसायचे, तसं ते माझ्याकडं बघत बसले. सांगायचं असेल तर सांग. मी माझ्या कपावरच्या त्या काळ्या पाठीकडं बघत राहिलो.

मग ते म्हणाले, "घर माज्या ताब्यात हुतं, बाई. जबाबदारी माजीच."

बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला वाटलं त्यांनी विचारलं असेल," मी म्हणालो.

बैठक उठली. मॅनेजर म्हणून त्यांना मोकळं करायचं ठरलं, सन्मानानं, असं इतिवृत्तात लिहिलं. फाटकाजवळची खोली मॅनेजरची होती, तीही गेली. बेघरांचं घर चालवणारा माणूस बेघर झाला आणि ते कुणाच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी हातकणंगल्याला भाचीकडं जायचं ठरवलं. सामान म्हणजे एक ट्रंक, थाळी-चमचा, आणि अडगळीत टाकलेली ती कोंबड्याची पाटी. एस.टी.त चढताना कंडक्टरनं त्यांना ओळखलं आणि म्हणाला, "बसा की साहेब." तर हे भांडले, "पाटीचं लगेज तिकीट फाड आधी."

मला त्या चित्रात दुरुस्ती करायला सांगण्यात आलं. मी ते आरशात दिसतं तसं उलटं केलं आणि तिचा खांदा सरळ केला. संस्थेच्या पाटीवर आज जी पाठमोरी आजी आहे ती हीच. लोकांना भिडते ती हीच.

दोनेक वर्षांनी मी हातकणंगल्याला गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो. रेल्वे स्टेशनपासून चालत, वाटेत वाक्यं घोळवत. भाचीच्या अंगणात कंट्रोलर बाजेवर बसले होते, फार वाळलेले. कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं होतं आणि त्यावर छप्पर म्हणून ती पिवळी पाटी घातलेली होती. तो लालभडक कोंबडा आभाळाकडं तोंड करून पडलेला. खाली खऱ्या कोंबड्या.

त्यांनी मला फाटकात पाहिलं, हात लांबवून चमचा घेतला आणि थाळीवर एक टोला दिला.

"या. बसा, पावणं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला आर्टिस्टशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. त्या एका शब्दानं मी घोळवलेली सगळी वाक्यं गेली. ते काही विचारणार नव्हते. ज्यांना विचारायचं नसतं अशांच्या रांगेत त्यांनी मला बसवलं होतं, आणि जागाही दिली होती. भाचीनं आमटी-भात वाढला. कंट्रोलर म्हणाले, "लोणचं घाल की त्यांना." आम्ही पावसाबद्दल बोललो, एस.टी.च्या संपाबद्दल बोललो. मी जेवलो, हात धुतला, नमस्कार केला. फाटकापाशी थोडा रेंगाळलो.

ते थाळीकडं बघत होते, पण चमचा उचलला नाही. दोन टोले दिले नाहीत.

"परत या," एवढंच म्हणाले.

मी परत गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो आणि एका पावसाळ्यात भाचीचा फोन आला. मातीला गेलो होतो. तिथंही पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का? मी मागच्या रांगेत उभा होतो.

तर, मुली, तू मागितलेलं पान हे असं आहे. चित्र मी काढलं. त्यांनी मनाई केली होती. म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं हे मी रचलं. हे मंडळापुढं वाच. बाई आता राहिल्या नाहीत, पण त्या खुर्चीत जे असतील त्यांच्यापुढं वाच. वडगावकडं तिचा मुलगा अजून दूध घालत असेल तर त्यालाही दे. टेम्पोवरून, पाटीवरून, पांघरुणांवरून ती पाठ पुसून टाका. सरळ केलेला खांदाही तिचाच आहे.

त्याच्या जागी काय, असं तू विचारशील. सोबत एक कागद ठेवला आहे. कोंबडा काढलाय, मिरचीचा तुरा आणि बगळ्याचे पाय. हात आता थरथरतो, त्यामुळं मूळच्या रंगाऱ्यासारखाच जमला आहे. मंडळ हसेल. हसू दे. आणि तो दारावर लागलाच, आणि कुणी फटफटी लावून "थाळी केवढ्याला?" म्हणत आत आलं, तर त्याला पाटीचा अर्थ सांगत बसू नका. आधी बसवा.